थंडी ओसरताना घराची डागडुजी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्यांच्या अनुभवातून जन्मली, त्यांच्या डोळ्यांसमोर घर उभे करताना होणारी दमछाक होती. आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वाट्याला विटा-वाळू जमविण्याचे कष्ट क्वचितच येतात. त्याऐवजी येतात ते मासिक हप्ते. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते होतात २४०. या दोनशे चाळीस महिन्यांत मुले मोठी होतात, नोकरीत बदल्या-बढत्या होतात आणि आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक हळूहळू आपल्या नावावर पूर्णपणे जमा होत जाते. मात्र शेवटचा हप्ता फेडला जाईल त्या दिवशी ते घर कोणत्या अवस्थेत असेल, हा विचार कर्जाच्या कागदपत्रांवर सह्या करताना फारसा कोणाच्या मनात येत नाही. घर कर्जाहून अधिक काळ टिकले, तरच त्या २४० हप्त्यांचे चीज झाले असे म्हणता येईल.

आपल्याकडे घराकडे लक्ष देण्याचा परंपरागत काळ म्हणजे दिवाळीपूर्वीचा पंधरवडा. जळमटे निघतात, भिंतींना रंग लागतो, पडदे धुतले जातात. ही प्रथा सुंदर असली, तरी दुरुस्तीच्या दृष्टीने ती वेळ योग्य नाही. पावसाळा नुकताच संपलेला असतो, भिंतींच्या पोटात चार महिन्यांची ओल असते आणि त्या ओलीवर चढविलेला रंग पुढच्या वर्षभरात पोपड्यांच्या रूपाने गळून पडतो. दिवाळीत घर सजवावे. पण घर दुरुस्त करावे ते माघ-फाल्गुनात, थंडी ओसरत असताना आणि उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी.

हेच दिवस का?

भारतीय हवामानशास्त्र विभाग जानेवारी आणि फेब्रुवारी हे हिवाळ्याचे, तर मार्च ते मे हे मोसमी पावसापूर्वीचे महिने मानतो. विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जून रोजी केरळात आणि ११ जून रोजी मुंबईत पोहोचतो. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर जागा झालेला घरमालक पावसापासून जवळजवळ चार महिने दूर असतो. हा काळ कागदावर मोठा दिसतो. प्रत्यक्षात तो तसा नसतो.

सिमेंटचे काम पाण्यावर पोसले जाते. नव्या काँक्रीटवर किती दिवस पाणी मारावे, याविषयी भारतीय मानक ब्यूरोची आयएस ४५६ : २००० ही संहिता स्पष्ट आहे. साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस पृष्ठभाग सतत ओला राहिला पाहिजे. हवा उष्ण व कोरडी असेल, तर हीच मुदत अनुक्रमे १० आणि १४ दिवसांवर जाते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन काँक्रीटमधील पाणी शोषून घेते, त्याच वेळी अनेक शहरांत पाणीकपात सुरू झालेली असते, आणि गवंडी-सुतार लग्नसराईसाठी गावी गेलेले असतात. याउलट फेब्रुवारीत आणि मार्चच्या पूर्वार्धात ऊन सौम्य असते, पाणी बऱ्यापैकी उपलब्ध असते आणि कारागीरही सहज मिळतात.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. चार-पाच महिने पाऊस नसल्याने भिंती आता कोरड्या झालेल्या असतात. या दिवसांत जी भिंत ओली आहे, ती पावसाने ओली नाही, हे निश्चितपणे सांगता येते. दुखणे ओळखण्यास यापेक्षा चांगला काळ नाही.

प्रथम गच्ची

पाणी हा घराचा सर्वांत मोठा शत्रू आहे आणि त्याचा पहिला हल्ला गच्चीवर होतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमा होते. मुंबईसारख्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे अवघ्या ५० चौरस मीटरच्या गच्चीवर चार महिन्यांत एक लाख लिटरहून अधिक पाणी कोसळते. हे सगळे पाणी भिंतीत वा छतात न शिरता खाली उतरले पाहिजे.

म्हणून तपासणीची सुरुवात झाडूने करावी. पाने, माती, कबुतरांची घरटी, मागील दुरुस्तीचे उरलेले वाळूचे ढीग हे सारे हलवून पन्हळी आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळांची तोंडे मोकळी करावीत. त्यानंतर दोन-चार बादल्या पाणी ओतून ते कोणत्या दिशेने वाहते हे पाहावे. पाणी जेथे डबके करून थांबते, तेथे खडूने खूण करावी. गच्चीचा उतार साधारणपणे शंभरास एक, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर असावा लागतो. डबके होणारी जागा ही उद्याच्या गळतीची जागा असते.

मुंबई-पुण्याकडील बहुतेक जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी असते. लाकडी दांडक्याने किंवा हातोडीने हळूच ठोकत गेल्यास चांगली जागा खणखणीत वाजते आणि सुटलेली जागा बद्द वाजते. अशा जागा मर्यादित असतील, तर तेवढाच कोबा काढून नव्याने भरता येतो. गच्चीची फरशी आणि कठडा जेथे एकमेकांस मिळतात तेथील गोलाईदार सांधा, ज्याला कारागीर ‘वाटा’ म्हणतात, तो विशेष काळजीपूर्वक पाहावा. बहुसंख्य गळत्यांचा उगम फरशीच्या मध्यभागी नसून या सांध्यात, किंवा नळ स्लॅबमधून खाली उतरतो त्या छिद्राभोवती असतो.

काम झाल्यावर नळांची तोंडे बंद करून गच्चीवर पाणी साठवावे, ते निदान एक-दोन दिवस तसेच ठेवावे आणि खालच्या खोलीचे छत पाहावे. कारागिराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा. छतावर सौरऊर्जेची तावदाने बसविण्याचा विचार असेल, तर गच्चीची दुरुस्ती आधी करावी; फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेनंतर असा विचार करणारी कुटुंबे वाढली आहेत. तावदानांचे सांगाडे एकदा रोवले गेले, की त्यांच्याखालची गळती दुरुस्त करणे दुप्पट खर्चाचे होते.

ओल कोठून येते?

कोरड्या दिवसांत भिंतीवरील डाग आपली हकीकत स्वतःच सांगतात. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरील डाग फेब्रुवारीतही ओलसर असेल, तर दोष आतील नळांचा किंवा फरशीच्या सांध्यांचा आहे. डाग सुकून तपकिरी कडा उरली असेल, तर दोष बाहेरचा, म्हणजे गच्चीचा, बाहेरील भिंतीतील भेगांचा किंवा खिडकीवरील सज्जाचा आहे. जमिनीलगत साधारण मीटरभर उंचीपर्यंत गिलावा फुगून त्यावर पांढरा क्षार दिसत असेल, म्हणजेच भिंतीला लोणा लागला असेल, तर पाणी पायातून वर चढत आहे असे समजावे. या तिन्ही दोषांवरील उपाय वेगळे आहेत. वरून जलरोधक रंगाचा हात मारणे हा यांपैकी एकाचाही उपाय नव्हे. तो डाग झाकतो आणि पाण्याला दुसरी वाट शोधायला लावतो.

भेगांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. त्या लांबी भरून बुजविता येतात. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी जाणारी भेग, तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीला समांतर धावणारी भेग आणि दिवसेंदिवस रुंदावणारी भेग या तीन प्रकारांकडे दुर्लक्ष करू नये. भेग वाढते की नाही हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. महिन्याभराने भेग खुणेच्या पुढे गेली असेल, तर गवंड्याला बोलावण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

भिंतीच्या किंवा कठड्याच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप दिसायला गोजिरवाणे असते. ते वरवर कापून उपयोग होत नाही. मुळे जिवंत राहिली, तर ती पावसाळ्यात नव्या जोमाने पसरतात आणि चिरे अलग करतात. या कोरड्या दिवसांत रोप मुळासकट काढून ती फट सिमेंटने भरून घ्यावी.

सळई गंजते तेव्हा

एवढ्याशा ओलीची एवढी चिंता कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर काँक्रीटच्या आतल्या सळईत आहे. चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या आवरणात पोलादी सळई वर्षानुवर्षे सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड भेगांवाटे आत शिरला, की हा अल्कधर्म हळूहळू कमी होतो. त्यात पाणी आणि प्राणवायू मिळाले, की सळई गंजू लागते. समुद्रकिनाऱ्यावरील खारी हवा ही प्रक्रिया आणखी वेगवान करते.

गंज हा मूळ पोलादाहून कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. तो आतून काँक्रीटला रेटतो, काँक्रीट फुगते, तडकते आणि एके दिवशी छताचा तुकडा खाली पडतो. तोवर छतावर दिसणारी चिन्हे किरकोळ भासतात. प्रथम तपकिरी रेघ, मग सळईच्या रेषेत भेग, मग फुगवटा असा हा क्रम असतो. पहिल्या पायरीवर थोडक्यात भागणारे काम तिसऱ्या पायरीवर सळया उघड्या करणे, गंज घासणे, रसायनांचा लेप देणे आणि नवे काँक्रीट भरणे एवढे वाढलेले असते. काही घरांत तर हा खर्च आणि कर्जाचा हप्ता हे दोन्ही एकाच वेळी डोक्यावर येऊन बसतात. पावसाळ्यात जुन्या इमारतींचे भाग कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचनात येतात. त्यांतील अनेक इमारतींनी आधी कित्येक वर्षे छतावरील तपकिरी रेघांच्या रूपाने सूचना दिलेली असते.

लाकूड आणि वाळवी

लाकूड हवेतील दमटपणानुसार फुगते आणि आकसते. आज अलगद लागणारा दरवाजा आषाढात चौकटीत अडकतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. सुताराला भर पावसात बोलावून रंधा मारून घेतला, तर हिवाळ्यात त्याच दरवाजाला बोटभर फट पडते. लाकूड कोरडे असताना दरवाजे तपासावेत, बिजागऱ्या आवळून त्यांना तेल द्यावे आणि ज्या कडांना रंग वा पॉलिश नाही त्या रंगवून घ्याव्यात. विशेषतः दरवाजाची वरची आणि खालची कड बहुधा उघडीच राहते आणि दमट हवा तेथूनच आत शिरते.

पहिल्या सरींबरोबर दिव्याभोवती जमणारे पंखवाले कीटक ही वाळवीची नवी वसाहत शोधणारी पिढी असते. तिची आधीची पिढी आत्ताही भिंतीच्या कडेने, चौकटीच्या मागे, कपाटाच्या पाठीला मातीच्या नळ्या बांधून कामाला लागलेली असते. या नळ्या नुसत्या झाडून टाकल्याने वाळवी जात नाही; ती दुसरीकडून वाट काढते. उभ्या इमारतीतील वाळवीच्या बंदोबस्तासाठी भारतीय मानक ब्यूरोची आयएस ६३१३ ही स्वतंत्र संहिता आहे. तिच्यानुसार काम करणाऱ्या व्यावसायिकाकडूनच हे काम करून घ्यावे. सागवान टिकाऊ असते हे खरे. पण त्याचा टिकाऊपणा खोडाच्या गाभ्यातील लाकडात असतो. बाहेरील फिकट लाकूड सागाचे असले, तरी वाळवीला वर्ज्य नसते.

टाक्या, नळ आणि गिझर

उन्हाळ्यातील टंचाई सुरू होण्यापूर्वी पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून घासून घेणे सोयीचे असते. गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट बसते का, वाहून जाणाऱ्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर जाळी आहे का, हे पाहावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. जमिनीखालील टाकीत मात्र कोणालाही एकट्याने उतरू देऊ नये. झाकण बराच वेळ उघडे ठेवून, हवा खेळती करून, वर दुसरा माणूस उभा ठेवूनच काम करावे. बंद टाकीत प्राणवायू कमी असल्याने दरवर्षी जीव जातात.

गळके नळ हा विषय किरकोळ समजला जातो. सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाकाठी सुमारे २० लिटर पाणी वाया जाते, म्हणजे महिन्याला ६०० लिटर. लपलेली गळती शोधण्यासाठी रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पातळीवर खूण करावी. पहाटे पातळी उतरलेली दिसली, तर पाणी कोठेतरी मुरत आहे.

थंडी संपली, की गिझर बंद होतो आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत विस्मरणात जातो. बंद करण्यापूर्वीच त्यातील गाळ काढून घ्यावा, आतील मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलावी आणि दाब सोडणारी झडप चालते का हे तपासावे. ज्या घरांत गॅसवर चालणारा गिझर आहे, तेथे तो बंदिस्त न्हाणीघरात नाही ना, हे आधी पाहावे. अर्धवट ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. स्वयंपाकघरातील गॅसच्या सुरक्षा नळीवरील तारीखही याच वेळी वाचून घ्यावी. ही नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

विजेची तयारी

महिनोन्महिने बंद असलेले पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रे मार्चमध्ये एकदम सुरू होतात आणि जुन्या वायरिंगवरील भार वाढतो. गरम होणारी बटणे, मिणमिणणारे दिवे, जळकट वास ही लक्षणे दिसताच परवानाधारक तंत्रज्ञाला बोलवावे. विजेचा धक्का जिवावर बेतण्यापूर्वीच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे संरक्षक उपकरण घरात नसेल, तर ते बसवून घ्यावे आणि असेल, तर त्यावरील चाचणीचे बटण दाबून ते खरोखर प्रवाह तोडते का हे पाहावे.

स्वतंत्र घरांत अर्थिंगचा खड्डा हा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. जमीन सुकली, की तिचा विद्युतरोध वाढतो आणि अर्थिंग निष्प्रभ होते. उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे हे बिनखर्चाचे, पण जीव वाचविणारे काम आहे. जुना पंखा बदलायचाच झाला, तर त्याचा वीजवापर पाहावा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी प्रकारच्या पंख्यांना त्याच्या निम्म्याहून कमी वीज पुरते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाल्याने ही तुलना दुकानातच करता येते.

प्रांताप्रांताचे वेळापत्रक

बदल्यांमुळे म्हणा वा व्यवसायामुळे म्हणा, मराठी कुटुंबे देशभर पसरलेली आहेत आणि प्रत्येक प्रदेशाचे हवामान निराळे आहे. कोकण, गोवा आणि मंगळूर परिसरातील कौलारू घरांत फाल्गुनात आढे, वासे आणि रिपा तपासून किडलेले लाकूड बदलून घ्यावे, म्हणजे चैत्र-वैशाखात शाकारणी निर्वेध होते. एकोणिसाव्या शतकात बासेल मिशनच्या मंगळूर येथील कारखान्यांनी प्रचारात आणलेली खाचांची कौले आजही जुन्या घरांवर शाबूत दिसतात. घर गळते ते बहुधा त्यांच्याखालील लाकूड झुकल्यामुळे. जांभ्याच्या भिंतींचे सांधे याच वेळी भरून घ्यावेत.

कोलकात्याकडे चैत्र-वैशाखातच कालबैशाखीची वादळे येतात. तेथे पत्रे, खिडक्यांच्या काचा आणि गच्चीवरील सैल वस्तू यांचा बंदोबस्त मार्च उजाडण्यापूर्वीच झालेला बरा. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तेथे फेब्रुवारी हा पावसाने केलेल्या नुकसानीचा ताजा हिशेब घेण्याचा महिना ठरतो. नागपूर, इंदूर आणि दिल्लीकडे कूलरच्या जाळ्या, पंप आणि टाकी साफ करण्याचे काम मार्चच्या आरंभी करावे लागते. काश्मीर आणि हिमाचलात या सुमारास छपरांवर बर्फ असू शकतो. तेथे बर्फ उतरल्यानंतरच पत्र्यांचे खिळे, सांधे आणि पन्हळी तपासता येतात. महिना वेगळा असला, तरी सूत्र एकच आहे. पुढच्या पावसापूर्वीचा सर्वांत कोरडा आणि सौम्य काळ हा दुरुस्तीचा काळ.

सदनिकाधारकांसाठी

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न नेहमी असतो, तो म्हणजे दुरुस्ती कोणी करायची. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती, बाहेरील भिंती आणि सामाईक नळ यांची दुरुस्ती संस्थेची जबाबदारी आहे. सदनिकेच्या आतील गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तक्रार तोंडी न करता फेब्रुवारीतच लेखी द्यावी, सोबत तारखेसह छायाचित्रे जोडावीत. मे महिन्यात दिलेल्या अर्जावर पावसापूर्वी काम होणे कठीण असते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल, तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल, तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेण्याची तरतूदही याच उपविधींत आहे.

पैशाची तजवीज

याच उपविधींत खर्चाचे एक उपयुक्त मापही सापडते. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडासाठी जमा करावी, असे ते माप आहे. समजा, जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्च २० लाख रुपये आहे. तर वर्षाला दुरुस्तीसाठी १५,००० आणि भविष्यातील मोठ्या कामांसाठी ५,००० रुपये बाजूला पडले पाहिजेत. स्वतंत्र घराच्या मालकाला असा निधी गोळा करणारी कोणी संस्था नसते. त्याने दरमहा सुमारे १,७०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडून तिची मुदत फेब्रुवारीत संपेल अशी योजना केली, तर दुरुस्तीच्या वेळी हात आखडता घ्यावा लागणार नाही.

काम मोठे असेल, तर घरदुरुस्तीसाठी कर्ज मिळू शकते. त्यासाठी अभियंत्याचे अंदाजपत्रक आणि संस्थेचे ना-हरकत पत्र तयार ठेवावे. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जावरील व्याजास वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. म्हणून निर्णयापूर्वी करसल्लागाराशी बोलून घ्यावे.

विम्याविषयी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी उपलब्ध करून दिलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, वादळ, पूर, भूकंप, तसेच पाण्याच्या टाक्या व नळ फुटून होणारे नुकसान यांचा समावेश आहे. मात्र विमा हा अचानक ओढवणाऱ्या आपत्तीसाठी असतो. वर्षानुवर्षे होणारी झीज आणि दुर्लक्षित गळती यांची भरपाई त्यातून मिळत नाही. ती भरपाई मालकाच्या दक्षतेतूनच व्हायची असते.

घराची वही

या सर्व कामांचा आरंभ एका साध्या वहीने करता येईल. घराची प्रत्येक खोली, गच्ची आणि बाहेरील बाजू फिरून पाहावी आणि जे दिसले ते तारखेसह लिहावे. डागाची लांबी, भेगेची टोके, कोणत्या नळाला गळती आहे, काम कोणी केले, कोणते सिमेंट वा रसायन वापरले, किती पैसे दिले आणि हमी किती वर्षांची, या नोंदी ठेवाव्यात. पावत्या त्याच वहीत जपाव्यात. कामांचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी गच्ची व बाहेरील भिंती, मग नळ आणि न्हाणीघर, त्यानंतर वीज, मग लाकूड आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम उलटला, की रंगावरचा खर्च वाया गेलाच म्हणून समजावे.

पुढच्या वर्षी हीच वही उघडली, की जुना डाग वाढला की थांबला, दुरुस्ती लागू पडली की नाही, हे क्षणात कळते. घर विकताना किंवा पुढील पिढीच्या हाती सोपविताना तिची किंमत आणखी वाढते. खात्यातील शिलकेसाठी ग्राहक जशी पासबुकातील नोंद नियमाने करून घेतो, तशीच नोंद घराचीही असावी. फेब्रुवारीतील एक रविवार त्यासाठी पुरेसा आहे, आणि गच्चीवर जाण्यासाठी सकाळचे ऊन अजून कोवळे आहे.